विंडोज १० वरून ११ वर: खाऱ्या हवेतल्या संगणकासाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट थांबली. संगणक त्यानंतरही चालू होतो, छपाई करतो, यूट्यूब दाखवतो, म्हणून कितीतरी घरांत काहीच हललेलं नाही. नुसती गाणी ऐकायला वापरत असाल तर एक वेळ चालेल. पण बँकेचे व्यवहार, जीएसटी, आंब्याच्या पेट्यांची बिलं किंवा होमस्टेचं बुकिंग ज्या मशीनवर चालतं, ते असं उघडं ठेवू नये.

११ वर जायचं काम तसं सरळ आहे. देवगड, गुहागर किंवा श्रीवर्धनच्या घरात ते अडतं ते बहुतेक वेळा वीज, दमट हवा आणि संपलेला डेटा पॅक यांपायी. त्यामुळे खाली निम्म्याहून जास्त जागा तयारीला दिली आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या.

मशीन बसतं का

विंडोज ११ ला लागतं ते असं: मायक्रोसॉफ्टच्या यादीतला ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (संगणक सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त अस्सल प्रणाली चालू देणारी सोय), आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप). यातली रॅमची अट कागदापुरती समजा. ४ जीबीवर ११ चालू होतं, पण ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडलं की बसून राहतं. ८ जीबी हवीच.

प्रोसेसर ओळखायला स्टार्टवर उजवी क्लिक करून 'सिस्टम' उघडा. इंटेलचा असेल तर आय३, आय५ नंतरच्या आकड्याची सुरुवात बघा. ७४०० म्हणजे सातवी पिढी, ८१०० म्हणजे आठवी, १०४०० म्हणजे दहावी. आठवी आणि पुढची चालते. सातवीतले अगदी मोजके अपवाद सोडले तर त्याआधीचं यादीत नाही. एएमडीमध्ये रायझेन २००० पासून पुढे चालतं, पण रायझेन ३ २२००जी आणि रायझेन ५ २४००जी असे काही त्यात नाहीत. स्वस्तात जुळवलेल्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये नेमके हेच असतात, म्हणून शेवटचं अक्षरही वाचा.

मग विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून 'टीपीएम डॉट एमएससी' चालवा. आवृत्ती २.० दिसली तर ठीक. 'सापडत नाही' असं आलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग्ज) नुसतं बंद असतं. तिथेच 'एमएसइन्फो३२' चालवलं की 'बायोस मोड' समोर यूईएफआय किंवा लेगसी (जुनी पद्धत) दिसतं. हे लिहून ठेवा, पुढे लागेल. 'सिस्टम टाइप'ही बघा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. तुमचं १० जर ३२ बिटचं असेल तर त्यावरून थेट अपग्रेड होत नाही, सगळं पुसून नव्याने बसवावं लागतं. आणि डॉसच्या जमान्यातले १६ बिटचे हिशेबाचे प्रोग्रॅम त्यानंतर उघडणार नाहीत.

परवान्याची चौकशीही आत्ताच करा. त्याच खिडकीत 'एसएलएमजीआर', एक जागा सोडून '/एक्सपीआर' टाका. 'कायमचं अॅक्टिव्हेट आहे' असं उत्तर आलं तर बहुतेक काळजी नाही, अस्सल १० चा परवाना ११ ला फुकट चालतो. घरच्या संगणकावर एखादी संपण्याची तारीख दिसली तर कोणीतरी 'अॅक्टिव्हेटर' मारून दिलेलं आहे असं धरा. अशी मशीन पुसून, परवाना घेऊन नव्यानेच बसवावी. तो अॅक्टिव्हेटर काय काय करून ठेवतो त्याचा भरवसा नाही.

मशीन यादीत बसत नसेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे विंडोज १० ची वाढीव सुरक्षा अपडेट. १० ची २२एच२ आवृत्ती हवी, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं आणि सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला की 'विंडोज अपडेट'च्या पानावरून फुकट नोंदणी होते. ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. दुसरा रस्ता लिनक्स मिंटचा. ब्राउझर, सातबारा, पत्रं, सिनेमे यांना तो उत्तम. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवरही बरा पळतो. पण टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि काही जुने लेझर प्रिंटर तिथे डोकं खातात. हे तिन्ही रोज लागत असतील तर मिंटच्या वाटेला जाऊ नका. तपासणी चुकवून ११ बसवायच्या युक्त्या सगळीकडे सांगितल्या जातात. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरवर तर २४एच२ आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या चिपमध्येच नाहीत.

आधी कॅबिनेट उघडा

ही पायरी पुण्यातला माणूस गाळेल. समुद्रापासून चार-पाच किलोमीटरच्या आत घर असेल तर तुम्ही गाळू नका.

खारी दमट हवा आधी धरते ती रॅमच्या पट्टीचे पाय आणि मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी. रोजच्या वापरात एखाद-दुसरी चूक निभावून जाते. अपग्रेडमध्ये मात्र कित्येक जीबी फाइल मेमरीतून जाऊन डिस्कवर बसतात, आणि तिथे एक बिट चुकलं तरी निळा पडदा येतो.

प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. ब्लोअरने किंवा कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा. पंख्याची पाती ब्लोअर मारताना बोटाने धरून ठेवा. ओलं फडकं आत नेऊ नका. रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून बाहेर काढा आणि सोनेरी पाय साध्या पेन्सिलच्या खोडरबराने एकाच दिशेने, बाहेरच्या बाजूला, हलकेच घासा. हिरवट किंवा काळपट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन पुसा. पूर्ण वाळल्यावर 'टक' आवाज येईपर्यंत परत बसवा. एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणारा डबा) जाळीतून आत टॉर्च मारून बघा. पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, कुंभारणीची माती यांपैकी काही दिसलं तर एसएमपीएस स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात विजेचा घातक दाब राहतो. दुकानात द्या.

आता ती बॅटरी. नाव सीआर२०३२, तीन व्होल्ट. संगणकाला वीज नसते तेव्हा बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ ती सांभाळते. चाकरमान्यांच्या बंद घरातला संगणक शिमग्यापासून गणपतीपर्यंत प्लग काढून पडलेला असतो, तेव्हा ती हमखास संपते. चालू केल्यावर तारीख जुन्याच कुठल्यातरी सालाची दिसत असेल तर हेच कारण. त्या चुकीच्या तारखेमुळे अपडेट आणि सुरक्षित वेबसाइट नाकारल्या जातात, आणि माणूस इंटरनेटला शिव्या देत बसतो. मोठा घोळ अपग्रेडनंतर होतो: बॅटरी मेली की बायोस मूळ सेटिंग्जवर जातं, टीपीएम बंद होतं, बूट मोड बदलतो, आणि काल चाललेलं विंडोज ११ आज 'बूट करायला काही नाही' म्हणतं. किरकोळ किमतीची वस्तू आहे. जुनी चालत असली तरी नवी घाला.

बरेच दिवस बंद असलेलं मशीन उघडून लगेच कामाला जुंपू नये. कोरड्या दिवशी दोन-तीन तास नुसतं चालू ठेवा, आतली ओल निघून जाते.

डिस्क अजून फिरणारी हार्ड डिस्कच असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम चालवा. निळं 'गुड' सोडून पिवळं किंवा लाल काही दिसलं तर त्या डिस्कवर अपग्रेड करूच नका. खरं तर 'गुड' असली तरी आमचा सल्ला एकच: आधी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घाला, मग ११ कडे वळा. हार्ड डिस्कवर ११ चालतं म्हणायचं एवढंच. ५०० जीबीची साटा एसएसडी घरगुती कामाला पुरते. एसएसडी कंपनीचं स्वतःचं क्लोनिंग (डिस्कची नक्कल करायचं) सॉफ्टवेअर वापरलं की १ टीबीच्या डिस्कमधला २०० जीबीचा मजकूर ५०० वर बसतो. क्लोनझिला हा नकलेचा प्रोग्रॅम मात्र सहसा नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी मागतं. यात आणखी एक फायदा दडलेला आहे: काढलेली जुनी डिस्क जशीच्या तशी कपाटात ठेवली की काहीही बिघडलं तरी ती परत जोडून दहा मिनिटांत कालच्या जागी येता येतं.

वीज आणि मुहूर्त

एसएसडीवर अपग्रेडला साधारण तासभर धरा, हार्ड डिस्कवर तीन-चार तास. टेबलाखालचा ६०० व्हीएचा यूपीएस नवा असताना डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो आणि दोन-तीन वर्षांनी दोनच मिनिटं. म्हणजे तो फक्त व्यवस्थित बंद करण्यापुरता. घराला इन्व्हर्टर असेल तर त्यावर घ्या. १५० एएचची चांगली बॅटरी एक डेस्कटॉप, राउटर आणि एक पंखा दोन-तीन तास सहज ओढते. इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं, नाहीतर वीज जाता-येता मधल्या क्षणाला संगणक रिस्टार्ट होतो. आधीच एकदा परीक्षा घ्या: सगळ्या फाइल बंद करून, संगणक चालू ठेवून मेन स्विच पाडा. पडदा लुकलुकलासुद्धा नाही तर उत्तम. लॅपटॉप असेल तर बॅटरी शंभर टक्के आणि चार्जर लावलेला.

दिवस निवडताना वायरमनला विचारून घ्या, दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायचा दिवस त्याला ठाऊक असतो. सकाळी लवकर सुरू करा, संध्याकाळी दाब उतरतो. मृगाच्या सुरुवातीला आणि पाऊस परतताना गडगडाट जास्त, ते दिवस टाळा. वीज चमकत असताना प्लगबरोबर लॅनची आणि टीव्ही केबलची वायरही काढायची असते, कारण जळणारे मदरबोर्ड त्या वाटेनेही जळतात. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ सगळ्यात बरा. हवा कोरडी असते आणि आंब्याचा हंगाम अजून लांब असतो. मार्चनंतर बागायतदाराच्या बिलिंगच्या मशीनला हात लावू नये.

बॅकअप

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळे लक्षात ठेवतात. विसरतात ते असं: टॅलीचं डेटा फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची फाइल, आणि जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेली पत्रं त्यांच्या फॉन्टशिवाय निव्वळ रांगोळी दिसतात, म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधला 'फॉन्ट्स' पूर्ण कॉपी करा. त्या सॉफ्टवेअरचा डोंगल किंवा परवाना नंबर कुठे आहे तेही शोधून ठेवा. बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, जपून ठेवायला नाही.

लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा, आणि बायोसला हात लावण्याआधी ते तात्पुरतं थांबवा. रिकव्हरी की नसेल आणि बायोस बदललं, तर फोटो कायमचे गेले. कुठलाही दुकानदार ते काढून देऊ शकत नाही.

फाइल आणायची कशी

विंडोज ११ ची आयएसओ फाइल (बसवायचं सगळं सामान एकाच फाइलमध्ये) पाच जीबीच्या वर आहे. रोज दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती उतरवायला बसलात तर मध्येच तुटणार. घरी फायबर नसेल तर तालुक्याच्या गावी कोणाकडे किंवा मुंबईहून येणाऱ्याला सांगून पेन ड्राइव्हवर मागवा. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत डाउनलोड पानावरूनच, हे बजावून सांगा. तीन गोष्टी आधी कळवा.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करायला हवा. बाजारातले बरेच फॅट३२ मध्ये येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. ३२ जीबी रिकामे असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा निरोप येतो.

भाषा जुळायला हवी. 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' आणि 'इंग्लिश इंटरनॅशनल' या दोन वेगळ्या फाइल आहेत. चुकीची आणली तर सेटअप तुमचे प्रोग्रॅम ठेवायला नकार देतो, फक्त फाइली ठेवतो. आपली कुठली ते अॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डिझम /ऑनलाइन /गेट-इंटल' (dism /online /get-intl) टाकून 'डिफॉल्ट सिस्टम यूआय लँग्वेज' समोर दिसतं: ईएन-यूएस म्हणजे पहिली, ईएन-जीबी म्हणजे दुसरी.

आणि फाइल घरी आल्यावर 'सर्टयुटिल -हॅशफाइल' (certutil -hashfile), फाइलचं नाव, 'एसएचए२५६' (SHA256) ही आज्ञा चालवून येणारा लांबलचक आकडा डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडून बघा. म्हणजे आणणाऱ्याकडून त्या पानाचा फोटोही मागवावा लागेल. अर्धवट उतरलेली फाइल ऐंशी टक्क्यांवर जाऊन अडते, त्यापेक्षा दोन मिनिटं इथे घालवलेली बरी.

त्याच पेन ड्राइव्हवर तुमच्या मॉडेलचे लॅन आणि वायफाय ड्रायव्हरही टाका.

लेगसी असेल तर

बायोस मोड यूईएफआय असेल तर हा भाग सोडून पुढे जा. टीपीएम बंद दिसलं असेल तर मात्र खालचा बायोसचा परिच्छेद वाचा.

डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते, मजकूर न पुसता. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाऊफुलओएस' (mbr2gpt /validate /allowfullos) चालवा. शेवटचे तिन्ही शब्द जोडून. ही फक्त तपासणी आहे. यशस्वी झाली तरच व्हॅलिडेटच्या जागी 'कन्व्हर्ट' (convert) घालून पुन्हा. तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डिस्कचे केलेले तुकडे: तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन किंवा डी, ई, एफ असे लॉजिकल ड्राइव्ह चालत नाहीत. त्यांच्यातला मजकूर बाहेर काढून ते उडवावे लागतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी रूपांतर, नंतर बायोस. संगणक रिस्टार्ट करून डिलीट किंवा एफ२ (एचपीमध्ये एफ१०) दाबत राहा. 'सीएसएम' (जुन्या लेगसी पद्धतीची सोय) बंद करा, बूट मोड यूईएफआय करा, सिक्युअर बूट चालू करा. टीपीएमही चालू करा. त्याला इंटेलच्या बोर्डवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या बोर्डवर 'एफटीपीएम' म्हणतात. क्रम उलटा झाला आणि डिस्क सापडेना, तर सीएसएम परत चालू करा, काही गेलेलं नसतं. सीएसएम बंद केल्यावर पडदाच काळा राहिला तर फार जुनं ग्राफिक्स कार्ड हे कारण. ते काढून मॉनिटरची वायर मदरबोर्डला जोडून बघा.

प्रत्यक्ष काम

बाहेरचा अँटीव्हायरस काढून टाका. नुसता बंद केलेला पुरत नाही. प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, वेबकॅम, कार्ड रीडर सगळं उपटा. कीबोर्ड आणि माउस एवढेच ठेवा. सी ड्राइव्हवर ३० जीबी मोकळे करा.

आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवरून डेस्कटॉपवर कॉपी करा आणि मग पेन ड्राइव्ह काढा. फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते. आतलं 'सेटअप' चालवा. पहिल्याच पानावर 'सेटअप अपडेट कशी उतरवतो ते बदला' अशी बारीक ओळ आहे, तिथे 'आत्ता नको' निवडा. डेटा वाचतो आणि मध्येच नेट गेलं तरी अडत नाही. नंतर 'फाइली आणि अॅप्स ठेवा' यावर खूण आहे ना ते नीट बघा. ती ओळ फिकट असेल तर तिथेच थांबा, बहुतेक वेळा भाषेची चूक असते.

पुढे संगणक तीन-चार वेळा आपणहून रिस्टार्ट होतो. एखाद्या टक्क्यावर वीस-तीस मिनिटं हलत नाही. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेपर्यंत काहीही दाबू नका. दिवा दोन-तीन तास पूर्ण थंड राहिला तरच पॉवर दाबून बंद करा. पुढच्या वेळी चालू केल्यावर बहुतेक वेळा ते स्वतःच विंडोज १० वर परत जातं. वीज गेल्यावरही हेच होतं, फक्त हार्ड डिस्क असेल तर त्यानंतर 'चेकडिस्क' (chkdsk, डिस्क तपासायची आज्ञा) चालवल्याशिवाय दुसरा प्रयत्न करू नये.

चूक दाखवणारा आकडा (एरर कोड) ०एक्ससी१९००१०१ पासून सुरू होत असेल तर ड्रायव्हरची भानगड आहे: एखादा जुना वायफाय डोंगल किंवा काढायचा राहिलेला अँटीव्हायरस. ०एक्स८००७००७० म्हणजे जागा कमी.

झाल्यावर

पहिले दोन तास मशीन संथ वाटेल, पाठीमागे शोधयादी तयार होत असते. विंडोज अपडेट चालवा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसली तर तो ड्रायव्हर घाला. मोबाइल हॉटस्पॉट वापरत असाल तर त्या वायफायच्या नावाखाली 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा, नाहीतर रात्रीत पॅक संपतो.

मराठीसाठी सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथून भाषा जोडून मराठी घ्या. इनस्क्रिप्ट कीबोर्ड आपोआप येतो, रोमनवरून टाइप करणाऱ्यांनी 'मराठी फोनेटिक' जोडावा. विंडोज आणि स्पेसबार दाबून अदलाबदल होते. मंगल फॉन्ट दिसत नसेल तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पुरवणी फॉन्ट आहेत, ते उतरवा. ग्रामपंचायतीला किंवा शाळेला मंगलमधल्या फाइली पाठवणाऱ्यांना हे लागतंच.

प्रिंटर आणि सहीच्या टोकनचा ड्रायव्हर जुना काढून नवा घाला, त्यानंतरच वस्तू जोडा. जीएसटीच्या तारखेच्या आधी एक खोटी-खोटी सही करून बघा.

जुन्याकडे परतायला दहा दिवस असतात: सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, 'गो बॅक'. त्या दहा दिवसांत सगळी कामं एकेकदा करून घ्या: टॅलीचं बिल, प्रिंट, स्कॅन, बँक, ऑनलाइन भरणा. मुदत कमी वाटत असेल तर पहिल्याच दिवशी अॅडमिन प्रॉम्प्टमध्ये 'डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:३०' (dism /online /set-osuninstallwindow /value:30) टाका, महिना मिळतो. तोपर्यंत 'डिस्क क्लीनअप'मध्ये 'आधीचं विंडोज' या ओळीवर खूण करू नका. ते काढलं की 'गो बॅक' जातं. जुनी हार्ड डिस्क कपाटात ठेवताना सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा, आणि वर तारीख लिहा.